आडवारी घडलेला चॅम्पियन

७ सप्टेंबर १९९४ हा बुधवार होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एक्झेटरच्या रेसकोर्सवर त्या दिवशी चिकाबिडीने अडथळ्यांची एक साधीशी शर्यत जिंकली. खोगिरावर होता वीस वर्षांचा आयरिश पोरगा, टोनी मॅकॉय. उत्तर आयर्लंडमधल्या मनीग्लास गावच्या सुताराचा मुलगा. ब्रिटनमधला हा त्याचा पहिला विजय. त्या मोसमात त्याने ७४ शर्यती मारल्या आणि शिकाऊ जॉकींचा चॅम्पियन झाला. पुढच्या मोसमात तो सगळ्या जॉकींचा चॅम्पियन झाला आणि ते पद त्याने वीस वर्षं सोडलं नाही. २५ एप्रिल २०१५ रोजी सँडाउनला तो घोड्यावरून शेवटचा उतरला, तेव्हा अडथळ्यांच्या शर्यतींतले ४,३४८ विजय त्याच्या नावावर होते.

आकडा इतका मोठा की त्यापुढे वाद संपावा. पण वाद संपला नाही. सर्वांत जास्त जिंकणारा तो सर्वांत गुणी असतो का? जॉकीचं मोठेपण नेमकं मोजायचं कशाने? मॅकॉयच्या वीस वर्षांकडे बघताना हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला घोडे धावतात ते सपाट मैदानावर. मिनिट-दोन मिनिटांत फैसला होतो. ब्रिटन-आयर्लंडमधली अडथळ्यांची शर्यत वेगळी. अंतर दोन मैलांपासून चार मैलांच्या पुढेपर्यंत. काही शर्यतींत हलके हर्डल, काहींत काटक्यांची घट्ट, किमान साडेचार फूट उंच कुंपणं. पाचशे किलोंचं जनावर भरधाव येतं आणि झेप कुठून घ्यायची याचा निर्णय डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होतो. ढांग लांबवायची की आखडती घ्यायची, हे जॉकीने तीन-चार ढांगा आधीच ओळखावं लागतं. चुकलं तर घोडा छातीने कुंपणावर आदळतो. चॅम्पियन मात्र ठरतो अगदी सरळ हिशेबाने: मोसमात सर्वांत जास्त शर्यती जिंकेल तो.

हा हिशेब काळाबरोबर कसा फुगत गेला, तेही पाहिलं पाहिजे. १९५२-५३मध्ये फ्रेड विंटरने १२१ विजय मिळवले. १९७७-७८मध्ये जॉन्जो ओनीलने १४९. १९८८-८९मध्ये पीटर स्क्यूडमोरने २२१. आणि २००१-०२मध्ये मॅकॉयने २८९. या वाटेत त्याने सर गॉर्डन रिचर्ड्सचा १९४७चा, सपाट शर्यतींतला २६९चा उच्चांकही मागे टाकला. म्हणून मॅकॉय विंटरच्या दुपटीहून मोठा ठरतो का? नाही. मधल्या काळात रस्ते सुधारले, दुपारी एका गावी आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी शर्यत करणं जमू लागलं. १९९५पासून उन्हाळ्यातही अडथळ्यांच्या शर्यती भरू लागल्या. आणि सॉमरसेटमध्ये मार्टिन पाइप नावाच्या ट्रेनरने घोडे तयार करण्याची रीतच बदलली. रक्ताच्या तपासण्या, चढावरची थांबूनथांबून करायची दौड, यांमुळे त्याचे घोडे पहिल्या ढांगेपासून पुढे राहू लागले आणि दमेनासे झाले. स्क्यूडमोरचे २२१ आणि मॅकॉयचे २८९, दोन्हींमागे पाइपचा तबेला होता. तेव्हा दोन काळांतले आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत.

शिवाय काही गुण आकड्यात मावतच नाहीत. १७ जून १९६२ रोजी पॅरिसच्या ओतय मैदानावर विंटर मँडरिनवर बसला होता. शर्यतीच्या सुरुवातीलाच घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी तुटली. आता घोडा वळवायला हात नव्हता, आवरायला तर नव्हताच. आठाच्या आकड्यासारखं वळणावळणाचं मैदान, उंच कुंपणं, त्यात शेवटी शेवटी घोड्याच्या पायाची शीरही दुखावली. विंटरने मांड्यांच्या दाबाने आणि अंगाच्या झोकाने त्याला वळवलं आणि मुंडीभराने शर्यत जिंकून दिली. विजयांच्या यादीत त्याची नोंद एकच होते.

दुसरी आठवण जॉन फ्रँकमची. सात वेळा चॅम्पियन झालेला हा जॉकी आधी शो जंपिंगचा खेळाडू होता. घोड्याला कुंपणासमोर नेमक्या जागी आणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असं जाणकार आजही सांगतात. १९८१-८२च्या मोसमात तरुण स्क्यूडमोर १२० विजयांवर असताना हात मोडून घरी बसला. फ्रँकमने १२०ची बरोबरी गाठली आणि उरलेला मोसम घोड्यावर बसायचं सोडून दिलं. चॅम्पियनपद दोघांत वाटलं गेलं. आकडा वाढवणं त्याच्या हातात होतं, पण त्याने तो वाढवला नाही. नावलौकिकाचा एक भाग असाही कमावला जातो.

मॅकॉयवरचा पहिला आक्षेप पाइपच्या तबेल्यावरूनच निघाला. लोक म्हणत, पाइपचे घोडे आपणहून जिंकतात, वर कोणी का बसेना. या आक्षेपाची परीक्षा २००४मध्ये झाली. त्याने पाइपचा तबेला सोडला आणि जे. पी. मॅकमॅनस या मालकाचे घोडे पळवायला सुरुवात केली. तबेला बदलला, ट्रेनर बदलले, चॅम्पियनपद मात्र पुढची अकरा वर्षं तिथेच राहिलं. जॉकी आणि घोडा यांचं श्रेय वेगळं करून दाखवणारा याहून चांगला पुरावा या खेळात मिळणं कठीण.

दुसरा आक्षेप पद्धतीवर होता. रूबी वॉल्शसारखा जॉकी शांत बसायचा, वाट बघायचा, घोड्याला त्याच्या कलाने घ्यायचा. मॅकॉय रेटायचा, झगडायचा. सुरुवातीच्या वर्षांत चाबकाच्या अतिवापरावरून त्याच्यावर बंदीही आली होती आणि ती टीका रास्तच होती. पुढे त्याने आपली रीत सुधारली. पण झगडण्याचा त्याचा स्वभाव गेला नाही, आणि तोच त्याचा खरा गुण होता हे मार्च २००९मध्ये चेल्टनहॅमच्या महोत्सवात दिसलं. विचिता लाइनमन हा घोडा सुरुवातीपासून चुकत होता, अडखळत होता, मागे पडला होता. दुसऱ्या कोणी त्याचा नाद सोडला असता. मॅकॉयने तीन मैल त्याची मनधरणी केली, त्याला एकेका घोड्यामागे नेलं आणि शेवटच्या चढावर मानेभराच्या फरकाने पुढे काढलं. त्याच्या हजारो शर्यतींतली सर्वोत्तम म्हणून अनेकजण हीच सांगतात. पुढच्याच महिन्यात हा घोडा आयरिश ग्रँड नॅशनल या शर्यतीत पडून दगावला. २०१२मध्ये ज्याने मॅकॉयला चेल्टनहॅमचा दुसरा गोल्ड कप मिळवून दिला, तो सिंक्रोनाइझ्डही महिन्याभराने ग्रँड नॅशनलमध्ये पडला, मोकळाच धावत राहिला आणि पाय मोडल्याने त्याला मरण द्यावं लागलं. जॉकीच्या कीर्तीचा हिशेब मांडताना ही दोन नावं गाळणं अन्यायाचं होईल.

त्याच्या शरीराने दिलेली किंमतही छोटी नव्हती. उंची ५ फूट १० इंच. त्याच्या काळात अडथळ्यांच्या शर्यतीतलं किमान वजन १० स्टोन, म्हणजे साडेत्रेसष्ट किलोंच्या आसपास, तेही खोगिरासकट. एवढ्या उंच माणसाने त्याच्या जवळपास राहायचं म्हणजे वीस वर्षांची उपासमार आणि कढत पाण्याच्या टबात बसून गाळलेला घाम. जानेवारी २००८मध्ये वॉरिकला पडून त्याच्या पाठीचे मणके मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि मार्चमध्ये तो चेल्टनहॅमला परत घोड्यावर होता.

एवढं सगळं असूनही सर्वसामान्य माणसाला तो ओळखीचा झाला एका दुपारी. १० एप्रिल २०१०ची ग्रँड नॅशनल. साडेचार मैल, ३० उड्या, ४० घोडे. चौदा वेळा हुलकावणी दिलेली ही शर्यत त्याने पंधराव्या प्रयत्नात डोंट पुश इट या घोड्यावर जिंकली. घोड्याचा ट्रेनर होता तोच जॉन्जो ओनील, ज्याला स्वतः जॉकी असताना नॅशनल एकदाही पूर्ण करता आली नव्हती. त्या डिसेंबरमध्ये बीबीसीच्या प्रेक्षकांनी मॅकॉयला वर्षातला सर्वोत्तम क्रीडापटू निवडलं. हा मान मिळालेला तो पहिला जॉकी.

मला हे पटत नाही. सन्मान योग्य माणसाला मिळाला, पण चुकीच्या मापाने. नॅशनलच्या मापाने मोजायचं तर फ्रँकम, स्क्यूडमोर आणि रिचर्ड जॉन्सन हे तिघेही नापास होतात, कारण तिघांनाही ती कधी मिळाली नाही. जॉन्सन तर २१ वेळा उतरला. १९५३-५४चा चॅम्पियन डिक फ्रान्सिस, ज्याच्या रहस्यकथा आपल्याकडेही आवडीने वाचल्या गेल्या, तो नॅशनलमध्ये अजरामर झाला तो हरल्यामुळे. १९५६मध्ये त्याच्या मांडीखालचा राजमातेचा घोडा डेव्हन लॉक सर्वांच्या पुढे असताना विजयरेषेजवळ अचानक पोटावर बसला. त्यात जॉकीची चूक काय होती?

चेल्टनहॅम महोत्सवाचं माप लावलं तर पहिला नंबर वॉल्शचा: त्याचे विजय ५९, मॅकॉयचे ३१. रेचल ब्लॅकमोरकडे चॅम्पियनपद कधीच नव्हतं, पण २०२१च्या चेल्टनहॅमला तिने सहा शर्यती जिंकल्या आणि पुढच्याच महिन्यात ग्रँड नॅशनल जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. सातत्य मोजायचं तर जॉन्सन मॅकॉयच्या मागे सोळा वेळा दुसरा राहिला, मॅकॉय थांबल्यावर चार वेळा चॅम्पियन झाला आणि ३,८१९ विजयांवर निवृत्त झाला. दुसऱ्या कुठल्याही काळात तो युगपुरुष म्हणवला गेला असता. माप बदललं की पहिला नंबर बदलतो.

मग मॅकॉयचं खरं माप कोणतं? त्याच्या कारकिर्दीतले मैलाचे दगड कुठे आणि कधी आले, ते पाहा. रिचर्ड्सचा उच्चांक मोडला वॉरिकला, मंगळवारी. रिचर्ड डनवुडी या जॉकीचा कारकिर्दीतल्या १,६९९ विजयांचा विक्रम मागे पडला युटॉक्सिटरला, मंगळवारी. तीन हजारावा विजय प्लंप्टनच्या लहानशा मैदानावर, सोमवारी. चार हजारावा टाउस्टरला, नोव्हेंबर २०१३मधल्या एका गुरुवारी. त्या दिवशी माउंटन ट्यून्स हा त्याचा घोडा हरल्यात जमा होता, तरी मॅकॉयने त्याला शेवटच्या उडीनंतर रेटून पुढे आणलं.

हे सगळे आडवार. मोजकी गर्दी, बेताचं बक्षीस, बेताचे घोडे. या दिवशी कोणी जॉकीने जरा हात सैल सोडला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मॅकॉयने तो सोडला नाही. १७ हजारांहून जास्त वेळा तो खोगिरावर बसला आणि साधारण चारातली एक शर्यत जिंकला. म्हणजे तीन वेळा हरला, कित्येकदा पडला, आणि पुढच्या शर्यतीला पुन्हा तितक्याच भुकेने उतरला. विंटरचं मनगट, फ्रँकमची नजर, वॉल्शचा संयम हे गुण मॅकॉयहून सरस असतील. पण चेल्टनहॅमच्या दिवशी जे द्यायचं तेच प्लंप्टनच्या सोमवारी, वीस वर्षं रोज देत राहणं, ही चिकाटी नुसती मेहनत नव्हे. माझ्या मते ती स्वतंत्र प्रतिभा आहे, आणि तिच्यात त्याच्या तोडीचा दुसरा झालेला नाही.

महालक्ष्मीला किंवा पुण्याला कधी शर्यती बघायला गेलात, तर डर्बीचा दिवस जरूर गाठा. पण जॉकी पारखायचा असेल तर एखाद्या आडवारी जा, शेवटच्या शर्यतीपर्यंत थांबा आणि पाचव्या-सहाव्या नंबरावर येणाऱ्या घोड्याच्या पाठीवरचे हात बघा.