भुलेची सुई आणि डोळ्याची लांबी

मुलगा-सून नोएडा-गुरुग्रामला नोकरीला, म्हणून नाशिक-साताऱ्याचे आईवडील मोतीबिंदूसाठी दिल्ली गाठतात. लेन्स कोणती, पॅकेज केवढ्याचे, याची कसून चौकशी होते. भूल कशी देणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ते विचारायलाच हवे.

मोतीबिंदूची फेको शस्त्रक्रिया बहुतेकदा भुलेच्या थेंबांवर भागते. पण डोळा अजिबात हलू द्यायचा नसेल, तर त्याच्या खोबणीत इंजेक्शन देतात. सुई नेत्रगोलाच्या बाजूने आत जाते. तिचे टोक डॉक्टरांनाही दिसत नाही. अंदाज आणि सराव, यांवरच सारे.

अंदाज चुकतो तो लांब डोळ्यात. सर्वसाधारण डोळा पुढून मागे 23-24 मिलिमीटर. चष्मा उणे आठ-दहाचा असेल, तर लांबी 26च्या पुढे जाते, भिंत पातळ होते, कधी मागे फुगवटाही असतो. तिथे सुई घुसली की तीव्र कळ येऊ शकते, डोळा मऊ पडू शकतो, आत रक्त साचते, पडदा सरकतो. मग पडद्याचे शल्यचिकित्सक तातडीने लागतात. दिल्लीतल्या एम्सच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रकेंद्रात ते तिथेच असतात. छोट्या नर्सिंग होममध्ये रुग्णाला हलवावे लागते. वेळेत उपचार झाले तरी नजर पूर्ण परत येईलच असे नाही.

सुई कशी टोचावी, याची खुद्द शिकवणही चुकलेली होती. 1936मध्ये नेत्रतज्ज्ञ अॅटकिन्सन यांनी सांगितले, की सुई टोचताना रुग्णाने वर आणि नाकाकडे पाहावे. पिढ्यान् पिढ्या तसेच चालले. 1981मध्ये सीटी स्कॅनने दाखवले, की अशा नजरेने डोळ्याची नस नेमकी सुईच्या वाटेवर येते! आता समोर पाहायला सांगतात. क्वचित औषध नसेच्या आवरणातून मेंदूपर्यंत पोचते आणि श्वास थांबतो. म्हणून भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजन जवळ हवेत. 1992मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीव्हन्स यांनी मांडलेल्या पद्धतीत बोथट नळीने औषध सोडतात. धोका बराच घटतो, संपत नाही.

लेन्सचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी मोजलेलीच असते. तो आकडा फाइलमध्ये असतो. सुई उचलण्यापूर्वी तो वाचला गेला पाहिजे. लेसिक करून चष्मा सुटलेल्यांनी तर आपला जुना नंबर आवर्जून सांगावा, कारण लेसिकने बुबुळाचा आकार बदलतो, डोळ्याची लांबी नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.