लोखंड बाहेर ठेवून आत या

नवीन पनवेलला, कळंबोली हायवेच्या जवळ, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणं हे तिचं काम, आणि तिची गोष्ट मुंबईच्या ट्रामपर्यंत मागे जाते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेची ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तिच्या प्रवाहाने वेधशाळेतल्या नाजूक सुया बिथरणार हे उघड होतं. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. लोखंडाचा अंशही नको, यासाठी पोरबंदरचा दगड पारखून आणला आणि दारं-खिडक्यांना तांब्यापितळेचं सामान लावलं. पुढची दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, जुन्या आणि नव्या आकड्यांचा धागा तुटू नये म्हणून. या काळजीपुढे मी दर वेळी नतमस्तक होते.

एमआरआयच्या दारापाशी मला हटकून अलिबाग आठवतं. तिथेही चाव्या, घड्याळ, पट्टा काढून ठेवायला सांगतात. खोलीला आतून तांब्याचं अस्तर असतं, बाहेरच्या रेडिओलहरींनी लुडबुड करू नये म्हणून. फरक आहे तो ताकदीचा. अलिबागला मोजलं जाणारं पृथ्वीचं चुंबकत्व साधारण ०.००००४ टेस्ला, तर एमआरआयच्या बोगद्यातलं दीड किंवा तीन टेस्ला, म्हणजे तीस हजार पटींहून जास्त.

आता या बोगद्यात एक तरुण झोपला आहे असं समजा. त्याला आईची किडनी बसवलेली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली किडनी प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला होता, तेव्हा या शस्त्रक्रियेचं केवढं अप्रूप असेल! आज हार्बर लाइनवरच्या डब्यात शेजारी बसलेल्या माणसाच्या पोटात तीन किडन्या असू शकतात. तीन अशासाठी, की जुन्या दोन बहुधा काढत नाहीत. नवी किडनी पुढच्या बाजूने, ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या खोबणीत बसवतात.

अशा घरात रोजचा प्रश्न एकच असतो : क्रिएटिनिन किती आलं? किडनीचं काम कसं चाललंय हे सांगणारा रक्ततपासणीतला तो आकडा मोलाचा आहे, पण उशिरा बोलतो. तो चढेपर्यंत आत बरंच काही बिघडून गेलेलं असू शकतं. मग बायॉप्सी करतात. सुईने शेवईच्या तुकड्याएवढा भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली आहे का, हे आजही खात्रीने तीच सांगते. पण सुई म्हणजे रक्तस्रावाची भीती आली, आणि एवढाशा तुकड्यावरून अख्ख्या किडनीचा अंदाज बांधायचा. सुई रोज रोज टोचताही येत नाही.

इथे चुंबक कामाला येतं. किडनीचा बहुतांश भाग पाणीच, आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. दीड टेस्लाच्या क्षेत्रात त्यांची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख गिरक्या घेतात. नेमक्या त्याच लयीची रेडिओलहर सोडली की ती हलतात, लहर थांबली की हळूहळू पूर्ववत होतात आणि होता होता स्वतःचा क्षीण संदेश पाठवतात. यंत्र तो ऐकतं.

यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग रक्ताचा आहे. फॅरेडेने १८४५ साली वाळलेलं रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलं होतं. आपल्या रक्तात लोह आहे, तरी ते चुंबकाला चिकटलं नाही. खरं गुपित १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी उलगडलं : हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन असेल तर चुंबक त्याला किंचित दूर सारतं, ऑक्सिजन सोडून दिला की तेच हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं. एकच रेणू, श्वासासरशी स्वभाव पालटणारा! सेइजी ओगावा यांनी १९९०च्या सुमारास या पालटाचा उपयोग मेंदूची चित्रं काढायला केला. १९९६ साली पोट्टुमर्ती प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तीच युक्ती किडनीला लावली.

किडनीला ती फारच साजते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो, पण त्यातला बहुतेक बाहेरच्या थरातच फिरतो. मिठाची अवजड ने-आण करणारा आतला गाभा थोडक्या ऑक्सिजनवर दिवस काढतो. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला उन्हाळ्यात पाणी कसं पोचतं, हे पनवेलकरांना वेगळं सांगायला नको. चित्रात तो टंचाईचा गाभा स्पष्ट वेगळा उमटतो. आणि किडनी नाकारली जात असताना काही अभ्यासांत हा गाभा चक्क जास्त ऑक्सिजन असल्यासारखा दिसला! वरवर ही चांगली बातमी वाटेल. पण कामगारांनी काम थांबवलं की शिधाही उरतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आणखीही युक्त्या आहेत. किडनीकडे निघालेल्या रक्ताला रेडिओलहरीनेच खूण करून ते किती पोचलं हे मोजता येतं. पाण्याचे रेणू मोकळे भटकतात की अडखळतात, यावरून आत सूज आहे का, व्रणाचे धागे साचलेत का, याचा अंदाज येतो. या तपासण्यांना चित्र उठावदार करणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन लागत नाही, हे फार मोठं सुख. कारण किडनी अगदी दुबळी असताना त्यातल्या काही प्रकारांमुळे कातडी दगडासारखी घट्ट होणारा आजार होऊ शकतो, हे २००६ साली लक्षात आलं.

मूळच्या किडन्या श्वासाबरोबर वरखाली सरकतात आणि चित्र पुसट होतं. ओटीपोटातली पाहुणी मात्र जवळपास स्थिर असते. प्रत्येक यंत्राचे आकडे एकमेकांशी जुळवण्याचं काम अजून बाकी आहे, आणि ते होईपर्यंत या तपासण्या बहुतांशी संशोधनातच राहतील. कुलाबा-अलिबागच्या त्या दोन वर्षांसारखंच हे चिकाटीचं काम.

आतला ठकठकाट थांबतो. बाहेर बाकावर आई बसली आहे, मुलाचं घड्याळ, पट्टा आणि चाव्या पिशवीत सांभाळत.