रिकामी कुंडी: सावलीतल्या बागेत रानहळद आणि रानआलं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता बाग करताय. दोन्हींचा काही संबंध आहे का?" त्या दिवशी वेळ संपली होती. आज उत्तर देतो, पण बागेतूनच देतो.

आमच्या पुण्याच्या घरामागे आंब्याचं जुनं झाड आहे. त्याच्या सावलीत गुलाब, शेवंती काही केल्या फुलत नाही. अशा जागेसाठी आपल्या सह्याद्रीत एक गोतावळाच आहे: आल्या-हळदीचे रानातले भाऊबंद. रानहळद, रानआलं, भुईचाफा, सोनटक्का हे एकाच कुळातले, आणि पेव त्यांचा जवळचा नातलग. रानात यातली बरीच झाडं मोठ्या वृक्षांखाली, पालापाचोळ्यात वाढतात. सकाळचं कोवळं ऊन किंवा पानांतून येणारे कवडसे त्यांना पुरतात.

लागवड सोपी आहे. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर कंद लावायचे. कंदावरचा डोळा वर ठेवून दोन-तीन इंच खोल. माती भुसभुशीत हवी: तांबडी माती, कुजलेला पाला आणि थोडी जाड वाळू. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे ना, हे आधी बघा. वरून सुक्या पानांचं आच्छादन घाला. पावसाळ्यात रानहळदीच्या दांड्यावर गुलाबी-जांभळा तुरा दिसतो. ती फुलं नव्हेत, ती रंगीत पानं. खरी पिवळी फुलं त्याच्या खाली, खवल्यांतून डोकावतात. रानआल्याची फुलं तर पानांच्या दांड्यावर न येता बुडाशी, जमिनीलगत वेगळी येतात. म्हणून तण काढताना तिथे खुरपं जपून चालवा.

इथपर्यंत काही अडचण नाही. अडचण सुरू होते दिवाळीनंतर. पानं पिवळी पडतात, मग वाळतात, आणि एके दिवशी कुंडीत नुसती माती उरते.

पहिल्या वर्षी माझ्याकडे दोन कुंड्या होत्या. रानहळदीची पानं पिवळी पडताना पाहून मला वाटलं, झाड आजारी आहे. मी रोज पाणी घातलं, खत घातलं. फेब्रुवारीत उकरून पाहिलं तर कंदांचा लगदा झालेला. दुसरी कुंडी रानआल्याची. तीही गेली असं समजून मी ती पाल्याच्या ढिगावर ओतून टाकली. जूनमध्ये पाऊस पडला आणि त्या ढिगातून हिरवे कोंब वर आले! जिची काळजी घेतली ती मेली, जी फेकून दिली ती जगली.

आता गंमत बघा. भारतीय दर्शनांत एक जुना वाद आहे: एखादी वस्तू 'नाही' हे आपल्याला कशाने कळतं? 'जमिनीवर घट नाही' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. नैयायिक म्हणतात, अभाव प्रत्यक्षानेच कळतो. कुमारिल भट्ट म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानायला हवं. पण एक अट दोघांनाही मान्य आहे, ती योग्यतेची. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच 'दिसत नाही, म्हणून नाही' असं म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं ठरत नाही.

मातीखालचा कंद वरून दिसण्याजोगा नसतोच. तेव्हा कुंडी रिकामी दिसली, एवढ्यावरून झाड मेलं हे सिद्ध होत नाही. ही योग्यानुपलब्धी मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, आणि घरच्या कुंडीपाशी नापास झालो.

तर त्यातून निघालेले नियम सांगतो. पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या. वाळली की बंद करा. हिरवी पानं कापू नका. त्यांनी तयार केलेलं अन्न खाली कंदात साठत असतं. कुंडी अवकाळी पावसापासून आडोशाला ठेवा. आणि मातीत नाव लिहिलेली पाटी खोचा. ही पाटी झाडासाठी नसते, आपल्यासाठी असते, नाहीतर आपण त्याच कुंडीत दुसरं काहीतरी लावून मोकळे होतो. भुईचाफ्याचं तर सांगूच नका: ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट मातीतून फूल येतं. दोन-तीन वर्षांनी कुंडी भरली की कंद वेगळे करा. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा. कापलेल्या जागी राख लावा, दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग लावा.

मात्र सोनटक्क्याला हे लावू नका. त्याला ओलावा आवडतो, बाराही महिने. सगळ्यांना एकच नियम लावणं ही काळजी नव्हे, तो आपला आळस.

शेवटचं, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. हे कंद घाटातून उपटून आणू नका. महाबळेश्वर-कासच्या बाजूला चवर नावाचं याच कुळातलं झाड आहे; ते पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही. मार्चमध्ये त्या पठारांवर गेलात तर उघडी, कोरडी जमीन दिसते. लोक म्हणतात, "इथे काय आहे? काहीच नाही." आणि मग तिथे गाडी घालतात, खणतात, बांधतात. माझी चूक दोन कुंड्यांपुरती होती. तीच चूक पठारावर केली तर पुढच्या पावसात वर यायला खाली काही उरणार नाही. कंद हवे असतील तर ज्याच्या बागेत ते वाढलेत त्याच्याकडून मागा. दर दोन-तीन वर्षांनी त्याला ते कुणाला तरी द्यावेच लागतात.

माझ्याकडेही यंदा आहेत. सध्या मात्र दाखवायला काही नाही. कुंड्या रिकाम्या दिसताहेत.