प्रश्नकर्त्याची झडती

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र’ हे प्रकरण बहुधा शिक्षेसारखे वाटते, कारण स्वप्ने, स्मृती आणि मनोविकृती यांची मोहक प्रकरणे पुढे असताना आधी मध्यक व प्रमाण विचलन यांची गणिते त्याच्या वाट्याला येतात. वास्तविक या शास्त्रातील एक अत्यंत चित्तवेधक कथा याच प्रकरणाच्या पोटात आहे, आणि तिचा नायक एक घोडा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरी विल्हेल्म फोन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा बेरजा, अपूर्णांक, फार काय महिन्याची तारीखही खूर आपटून बिनचूक सांगत असे. १९०४ साली कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली जाणकारांची समिती नेमली गेली, आणि तिने रीतसर शहानिशा करून लबाडी कोठेही नाही असा निर्वाळा दिला. तो खराही होता, मालक सचोटीचाच होता. परंतु मालकाची सचोटी सिद्ध झाल्याने घोड्याची बुद्धी सिद्ध होत नाही, हे ओळखून श्टुम्फ यांचे शिष्य ओस्कार फुंग्स्ट यांनी घोड्याऐवजी प्रश्नकर्त्याचीच झडती घेतली. अंक लिहिलेली कार्डे घोड्यापुढे धरताना प्रश्नकर्त्याला तो अंक ठाऊक असला, की शेकडा ९८ उत्तरे बरोबर येत. ठाऊक नसला, की अवघी ८. उत्तराची संख्या भरताच प्रश्नकर्त्याची किंचित झुकलेली मान नकळत वर होई आणि घोडा तेवढ्यावर थांबे. हे गुपित उमगल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची मान आवरणे जमले नाही!

स्वतंत्र चल, आश्रित चल, नियंत्रण, प्रयोगकर्त्याच्या अपेक्षेचा परिणाम या साऱ्या संज्ञा त्या तबेल्यातच समजतात. ९८ आणि ८ यांतील अंतर दाखवण्यास संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. तथापि बहुतेक फरक इतके ठळक नसतात. तेथे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या ग्रंथातील बाई कामी येते. चहात आधी दूध ओतले की नंतर, हे चवीवरून ओळखते, असा तिचा दावा. आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला; नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याचा संभव ७० त एक. एका रीतीच्या चारांपैकी तीनच साधले तर? तितके किंवा त्याहून अधिक यश दैवानेही ७० त १७ वेळा मिळते, म्हणून दावा मान्य करण्याइतका पुरावा तो नव्हे.

पुढे असा निकाल नुसत्या दैवाने येण्याचा संभव शेकडा पाचांहून कमी असला तरच तो सार्थ मानायचा, ही मर्यादा जणू सरकारी शिक्काच झाली, आणि शिक्का मिळवण्यासाठी लहान नमुने, निकाल पाहून मग रचलेल्या परिकल्पना व अपयशी प्रयोग दप्तरात गाडून टाकणे हे प्रकार बळावले. २०१५ साली मानसशास्त्रातील शंभर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांची पुनरावृत्ती झाली, तेव्हा मूळच्यांपैकी शेकडा ९७ सार्थ ठरलेले असूनही फिरून केलेल्यांत ३६ च तसे निघाले. माझ्या मते ही नामुष्की खरी, पण ती याच शास्त्राने स्वतःची तपासणी करून स्वतःच्या हाताने जाहीर केली, हेही नोंदवले पाहिजे. आता कित्येक नियतकालिके परिकल्पना व पद्धती आगाऊ मागवून घेतात आणि एकही निरीक्षण रुजू होण्यापूर्वीच लेख स्वीकारायचा की नाही याचा फैसला करतात.