इंजिन ऑइलची श्यानता आणि मोटारीचा इंधनखर्च

प्रस्तावना

मोटारीचे ऑइल बदलताना ‘जाड ऑइल घाला, इंजिन टिकेल’ असा सल्ला आजही अनेक गॅरेजांमध्ये दिला जातो. याउलट, नव्या पेट्रोल मोटारींच्या माहितीपुस्तिकांत ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ अशी हाताला पातळ लागणारी ऑइले सुचविलेली आढळतात. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तर इंधन अधिक जळते. मर्यादेपेक्षा पातळ असेल तर धातूची झीज होते. हा मेळ कसा घातला जातो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

श्यानता आणि तिच्या श्रेणी

व्यवहारात जिला ऑइलची जाडी म्हणतात ती घनता नसून श्यानता होय. म्हणजेच द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना होणारा अंतर्गत विरोध. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने तिची वर्गवारी १९११ साली प्रथम केली. ‘५डब्ल्यू-३०’ या नावातील डब्ल्यू हे ‘विंटर’चे आद्याक्षर असून पहिला अंक थंड अवस्थेतील वर्तन दर्शवितो. दुसरा अंक १०० अंश सेल्सिअसवरील श्यानतेचा निदर्शक आहे. २० श्रेणीसाठी ती ६.९ ते ९.३, ३० साठी ९.३ ते १२.५ आणि ४० साठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असावी लागते.

पहिल्या अंकाची चाचणी उणे तापमानात होते, तेव्हा महाराष्ट्रात त्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिनाच्या दृष्टीने नागपूरची मे महिन्यातील सकाळसुद्धा थंडच असते. २०डब्ल्यू-५० ऑइलची श्यानता १०० अंशांवर साधारण १८ सेंटिस्टोक असली, तरी ४० अंशांवर ती दीडशेच्या आसपास जाते. ०डब्ल्यू-२० ऑइलमध्ये हेच आकडे सुमारे ८ आणि ४५ असतात. शिवाय ऑइल हे शीतकाच्या पाण्यापेक्षा सावकाश तापते. डॅशबोर्डवरील काटा पाण्याचे तापमान दाखवितो, ऑइलचे नव्हे. घर ते महाविद्यालय असा चार-पाच किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या मोटारीचे ऑइल बहुतेक वेळ अर्धवट तापलेलेच राहते, आणि जाड ऑइलचा भुर्दंड नेमका याच अवस्थेत सर्वाधिक पडतो.

घर्षणाचे स्वरूप

जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून या प्रश्नाचा उलगडा होतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अखंड थर असतो, धातूला धातू लागत नाही. तेथील घर्षण हे ऑइलचे स्वतःचेच असते. म्हणून श्यानता कमी केली की तेही कमी होते. मात्र एका मर्यादेनंतर थर तुटतो, धातूचे उंचवटे परस्परांना भिडतात आणि घर्षण एकाएकी वाढते. कॅम आणि पिस्टनची रिंग हे भाग या सीमेच्या जवळ काम करतात. रिंग तर प्रत्येक फेरीत वरच्या टोकाला क्षणभर थांबते, आणि गती नाही तेथे थरही टिकत नाही. पातळ ऑइलमध्ये मॉलिब्डेनमयुक्त घर्षणरोधक आणि जस्तयुक्त झीजरोधक द्रव्ये का मिसळतात, हे यावरून ध्यानात येईल. त्याशिवाय १५० अंशांवर, तीव्र कर्तनाखाली उरणाऱ्या श्यानतेची किमान मर्यादाही एसएईने घातली आहे : २० श्रेणीसाठी २.६ आणि १६ श्रेणीसाठी २.३ मिलीपास्कल-सेकंद. पातळ श्रेणीसाठी आखलेल्या इंजिनात बेअरिंगमधील फटी, पृष्ठभागांची सफाई व ऑइलपंप हे सारे त्यानुसार योजलेले असते. जुन्या इंजिनात तेच ऑइल ओतल्याने ती रचना प्राप्त होत नाही.

इंधनबचतीचे प्रमाण

केनेथ होल्मबर्ग व सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेल्या हिशोबानुसार प्रवासी मोटारीतील इंधनाच्या ऊर्जेचा सुमारे एक-तृतीयांश भाग घर्षणावर खर्च होतो. त्यात इंजिनाचा वाटा पुन्हा एक-तृतीयांशाच्या आसपास आहे. ऑइलचा प्रभाव या वाट्यापुरताच, त्यातही अंशतः पडतो. त्यामुळे अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक मार्गदर्शिकेतील आकडे माफक वाटले तरी विश्वसनीय ठरतात. ५डब्ल्यू-३० साठी बनविलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० वापरल्यास इंधनक्षमता १ ते २ टक्क्यांनी घटते, असे तीत नमूद आहे. जाहिरातींतील मोठ्या बचतीच्या दाव्यांकडे म्हणूनच सावधपणे पाहिले पाहिजे.

लिटरला १८ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला वर्षाकाठी दहा हजार किलोमीटरसाठी सुमारे ५५५ लिटर पेट्रोल लागते. त्याचे दीड टक्का म्हणजे जेमतेम आठ लिटर. एवढ्यासाठी जुन्या इंजिनाची बेअरिंगे पणाला लावणे शहाणपणाचे नाही. उत्पादकांचे गणित वेगळे असते. लाखो मोटारींच्या सरासरी उत्सर्जनावर मर्यादा घालणारे निकष भारतात २०१७ पासून लागू झाले असून तेथे एक टक्कादेखील मोलाचा ठरतो.

झिजलेल्या, ऑइल पिणाऱ्या इंजिनात एक श्रेणी जाड ऑइल घातल्याने धूर व ऑइलचा खप काहीसा कमी होतो, हे गॅरेजवाल्यांचे निरीक्षण खोटे नाही. परंतु तो उपाय झिजलेल्या रिंगांपुरता आहे. चांगल्या इंजिनासाठी पुस्तिकेत एकाहून अधिक श्रेणी दिल्या असतील, तर शहरातील लहान पल्ल्यासाठी त्यांतील पातळ श्रेणी निवडावी. घाटरस्ता आणि भरलेली गाडी हे नित्याचे असेल, तर जाड.