त्वचेची हकिगत : लेखांक सहावा — डाग काढण्यापूर्वीची पहिली भेट

त्वचेतील वर्णद्रव्य कसे उत्पन्न होते व कोणत्या थरात साचते, हे मागील लेखांकात पाहिल्यानंतर आता प्रत्यक्ष वैद्यासमोर जाऊन बसण्याचा प्रसंग विचारात घेणे प्राप्त आहे. रायपूरच्या शंकर नगरातील एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडे, अक्तीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा विवाहमुहूर्त तीन आठवड्यांवर आला असता, गालावरचा डाग आजच्या आज निघेल अशी आशा धरून जाणाऱ्या नियोजित वधूची ती आशा पहिल्या भेटीत बहुधा विफल होते; आणि ती विफल व्हावी हेच, माझ्या मते, इष्ट होय.

ज्याला आपण सरसकट डाग म्हणतो, तो वांग असेल, मुरूम बसल्यावर मागे राहिलेला काळेपणा असेल, तीळ असेल, विषाणूमुळे उद्भवलेली चामखीळ असेल, किंवा वयाबरोबर गालांवर उगवणारे काळे बारीक दाणे असतील. आणि यांतील एकाचा इलाज दुसऱ्यास अपायकारक ठरू शकत असल्यामुळे, वैद्य प्रथम रुग्णाची तपशीलवार जबानी घेतो. डाग केव्हापासून आहे, वाढतो काय, त्यातून रक्त येते काय, गर्भारपण वा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत काय, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले होते काय, पूर्वीच्या जखमांचे व्रण फुगून जाड झाले काय, असे प्रश्न येतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र आजवर काय काय लावले हा असून, नेमके येथेच लोक संकोचाने मौन धरतात. चामखिळीला घोड्याचा केस बांधणे किंवा चुना लावणे हे उपाय आपल्या घरांतून अद्याप नामशेष झालेले नाहीत. परंतु त्याहून घातक म्हणजे औषधाच्या दुकानातून कोणाच्याही चिठ्ठीवाचून आणलेले, स्टेरॉइड मिसळलेले ‘गोरेपणाचे’ मलम. ते प्रारंभी चेहरा उजळवते, पुढे त्वचा पातळ व लाल करते, आणि सोडताच अशी आग उठवते की मनुष्य पुन्हा त्याच नळीकडे वळतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घालून चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली खरी, पण कायद्याचा अंमल गल्लीतल्या दुकानापर्यंत पोहोचतोच असे नाही. म्हणून घरातल्या सर्व नळ्या पिशवीत घालून नेणे, हीच पहिल्या भेटीची खरी पूर्वतयारी.

चेहऱ्याला प्रसाधन न लावता जावे, कारण त्वचा दिव्याखाली तपासली जाते. ‘वुडचा दिवा’ म्हणतात त्या दिव्याच्या जांभळ्या प्रकाशात वरच्या थरातील वर्णद्रव्य अधिक गडद दिसते, खोलवरचे तितके दिसत नाही. आपल्या सावळ्या वर्णात मात्र हा भेद पुष्कळदा अस्पष्ट राहतो. तीळ दुर्बिणीखाली तपासला जातो. तो दोन्ही बाजूंनी विषम, कडेने वेडावाकडा, अनेकरंगी, ६ मिलिमीटरहून मोठा वा बदलत जाणारा असल्यास तुकडा काढून प्रयोगशाळेत धाडण्याची तजवीज होते. संशयित तीळ लेसरने जाळणे म्हणजे चौकशीआधीच पुरावा नष्ट करणे होय. भारतीयांत वर्णपेशींचा कर्करोग विरळ, तथापि तो तळपायावर आढळण्याचा संभव विशेष. म्हणून गालाची तक्रार घेऊन गेलेल्यास पायमोजे काढावयास सांगितले, तर नवल मानू नये.

फिट्झपॅट्रिक या अमेरिकन वैद्याने १९७५ साली त्वचेचे जे वर्गीकरण मांडले, त्यात मूळ विचार गोऱ्या त्वचेचा होता व सावळे वर्ग मागाहून जोडले गेले, ही गोष्ट मला सूचक वाटते. आपल्यासारख्या त्वचेला लेसरच्या उष्णतेचा अतिरेक झाला की जुना डाग जाऊन त्या जागी नवा, कदाचित अधिक काळा डाग उमटतो. यास्तव जबाबदार वैद्य कानामागे लहानशी चाचणी करून काही आठवडे थांबतो, आणि वैशाखातल्या रायपूरच्या उन्हात प्रखर उपचार टाळून सनस्क्रीन व लेपनेच लिहून देतो. लग्न तोंडावर असेल, तर उपचार लग्नानंतर ठेवा, असे सांगणाऱ्याचा राग मानू नये.

खर्च, बैठकींची संख्या आणि डाग परत येण्याचा संभव लेखी मागावा. वांग परततो, हे वैद्याने आपण होऊन सांगावयास हवे. छायाचित्रे घेतली जातात. ती दप्तराबाहेर वापरण्यास संमती द्यावयाची की नाही हा रुग्णाचा अधिकार. राज्य वैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक विचारण्यातही अनमान करू नये, कारण सौंदर्यप्रसाधनगृहांतही आता लेसरची यंत्रे दिसू लागली आहेत.

१०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेसर किरण आपल्या वर्णास ५३२ च्या किरणांहून निर्धोक का मानतात, याचा विचार पुढील लेखांकी.