धुण्याआधीचं गेज

पाऊस ओसरला आणि ठाण्यात ऑक्टोबरचा घाम सुरू झाला. जूनपासून बंद असलेला बेडरूममधला एसी लावला, तर पाच मिनिटांत खोलीभर ओल्या पायपुसण्याचा वास. आईला दमा आहे. ती दोनदा खोकली आणि मी सर्व्हिसिंगसाठी कंपनीला फोन केला.

आलेला मुलगा पंचविशीचा. जळगावकडचा, आयटीआयमधून एसी-फ्रिजचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला. आल्याआल्या त्याने एसी चालू करायला लावला, खिडकीबाहेरच्या आउटडोअरला गॅसचा दाब मोजायचं गेज जोडलं आणि मान हलवली. मग शिडीवर चढून इनडोअरचं झाकण उघडलं, आत मोबाइलची टॉर्च मारली आणि मला बोलावलं. "मॅडम, हे बघा. ब्लॅक फंगस."

2021चा मे महिना ज्याने महाराष्ट्रात काढलाय, त्याच्या पोटात हे दोन शब्द ऐकूनच गोळा येतो. मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं. हवा वरखाली करणाऱ्या पट्टीवर आणि आतल्या ब्लोअरवर काळे ठिपके होते, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून थर झालेला. बुरशीच होती, त्यात वाद नाही. पण 2021ची ती ही नव्हे. ती, म्हणजे म्युकरमायकोसिसची बुरशी, माती आणि कुजक्या पाल्यात असते. तेव्हा, कोविडच्या लाटेत, तिने गाठलं ते प्रामुख्याने मधुमेहाच्या आणि भरपूर स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना. त्यातला 'काळा' रंग मेलेल्या पेशींचा, बुरशीचा नव्हे. एसीतली काळी ही बाथरूमच्या कोपऱ्यात धरते त्याच जातकुळीची. दमेकऱ्याला ती त्रास देतेच, म्हणून काढायलाच हवी. पण घाबरून नव्हे, घासून.

"कोटिंग मारावं लागेल. अँटीफंगल. 1,499. आणि गॅसपण कमी आहे, गेज 100 दाखवतंय. टॉप-अपचे 2,800."

माझे मामा दादरला फ्रिज दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का संपायला? एसीत गॅस बंद नळीत नुसता फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न बुजवता भरला तर तोही जाणार. मी म्हटलं, "आधी धुऊन घ्या. मग बघू."

आणि इथून पुढे मी त्या मुलाच्या हातांकडे बघत राहिले.

मेन स्विच बंद. दोन्ही जाळ्या काढून मोरीत. सर्किटच्या डबीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर रबरबँड. इनडोअरच्या खाली रेक्झिनची झोळी बांधून तिचं टोक बादलीत. मग छोट्या पंपाची पाण्याची धार कॉइलवर, वरून खाली, पात्यांच्या रेषेत. आडवी मारली की ही ॲल्युमिनियमची पाती वाकतात. ती इतकी पातळ असतात की अंगठ्यानेही चेपतील. कॉइलचं पाणी राखाडी आलं. खरी घाण ब्लोअरमध्ये. हा लाटण्यासारखा लांब पंखा, त्याला लांबीभर बारीक पाती, आणि प्रत्येक पात्याच्या कडेला धुळीचा नमदा बसलेला. तो एका हाताने पंखा बोटभर फिरवायचा, दुसऱ्या हाताने धार मारायचा, पुन्हा बोटभर. वीस मिनिटं हेच. बादलीत कोरा चहा जमत गेला, वर काळे तुकडे तरंगताना. शेवटी ड्रेनचा ट्रे: त्यातून बोटभर लांबीचा बुळबुळीत गोळा निघाला. भिंतीवरून पाणी ओघळतं ते याच्या कृपेने.

ही बुरशी येते कशी, ते या ट्रेकडे बघून कळतं. गार कॉइलवर आपल्या दमट हवेतलं पाणी सुटतं. पावसाळ्यात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. आपण रिमोटचं बटण दाबून बंद करतो तेव्हा आत सगळं ओलंचिंब असतं, अंधार असतो, धूळ असते. आम्ही तर जूनमध्ये तसाच बंद करून चार महिने झाकण लावून ठेवला होता. बुरशीला यापेक्षा चांगलं सासर कुठलं मिळणार?

सगळं परत बसवून एसी लावला. पंधरा मिनिटांनी मीच म्हटलं, आता गेज लावा. काटा 125वर होता, म्हणजे गॅस कमी नव्हताच.

तो काही बोलला नाही. मग मीच विचारलं, "धुण्याआधी का लावलं होतंत?" जाळी आणि कॉइल तुंबलेली असली की हवा जात नाही, कॉइल गरजेपेक्षा गार पडते आणि गॅसचा दाबही उतरतो, हे आयटीआय केलेल्या मुलाला मी काय सांगणार? (आमचा एसी जुना, एकाच वेगाचा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलतो, तिथे नुसत्या दाबावरून काहीच ठरत नाही.)

चहा घेताना 'मॅडम'ची 'ताई' झाली. "ताई, धुवायचे आम्हाला ठरलेले पैसे. कोटिंग नि गॅसवर वेगळं मिळतं. महिन्याचा आकडा असतो. तो नाही झाला की पुढच्या महिन्यात लांबचे कॉल टाकतात." कोटिंगमध्ये असतं काय? "सुगंधी स्प्रे असतो. महिनाभर वास छान येतो."

मला त्याचा राग आला नाही. वीस मिनिटं बोटभर-बोटभर पंखा फिरवणाऱ्या माणसाची मेहनत 649 रुपयांत बसते आणि सुगंधी फवाऱ्याला 1,499 मिळतात, हे दरपत्रक त्याने केलेलं नाही. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेची भीती घालून दमेकरी घरात पैसे काढणं, याला मी चांगलं नाव देऊ शकत नाही. त्याच्यामागच्या कंपनीला तर मुळीच नाही.

आता रात्री एसी बंद करण्याआधी आम्ही अर्धा तास नुसता पंखा चालवतो, आतलं वाळतं. जाळ्या दर पंधरा दिवसांनी नळाखाली. वास गेला आहे.

तुमच्याकडे मेकॅनिक येईल तेव्हा टॉर्च तुमच्या हातात ठेवा, बादलीतलं पाणी बघा. आणि गेज लावायचंच असेल तर धुऊन झाल्यावर लावायला सांगा.